पुढची बैठक

मोटारीचे मला वेड नाही. रस्त्यावरून जाणारी गाडी कोणती, हे नुसत्या आवाजावरून सांगणारे गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि दोन सुरांत राग ओळखणाऱ्या रसिकांइतकाच आदर मला त्यांच्याविषयी वाटतो. माझ्यापुरते म्हणाल, तर मला मोटारींच्या दोनच जाती ठाऊक आहेत : एक वेळेवर येणारी, आणि दुसरी न येणारी. तेव्हा एखाद्या मोटारीवर मी कधी लिहावयास बसेन असे कोणी भाकीत केले असते, तर मी त्याला हसलो असतो. आज बसलो आहे खरा. आणि तेही अशा एका मोटारीवर, की जिच्यात मी सारा मिळून अर्धा तास बसलो असेन.

गेल्या वर्षी वैशाखात मी माझ्या भाच्याकडे जर्मनीत गेलो होतो. स्टुटगार्ट शहराच्या बाहेर, एका टेकडीच्या उतारावर त्याचे घर आहे. तो आणि सूनबाई सकाळी कामावर निघून जात आणि मग ते घर, ती टेकडी आणि मी असे तिघेच उरत असू. परदेशी गेलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याला खिडकी हेच वर्तमानपत्र. माझ्या त्या वर्तमानपत्रात दर शनिवारी सकाळी नऊ वाजता एक ठरलेला मजकूर येई. समोरच्या घराच्या गॅरेजचे दार उघडे, एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ पांढरे सुती फडके घेऊन बाहेर येत, आणि आत उभ्या असलेल्या एका लांबलचक काळ्या गाडीवरून ते हलक्या हाताने फिरवू लागत. आपल्याकडे देवघरातली भांडी घासणारी आजी ज्या चेहऱ्याने बसते, त्याच चेहऱ्याने.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला खिडकीत पाहिले आणि फडके हलवून बोलावले. भाचा घरी होता. तो दुभाषी म्हणून बरोबर आला. पण पुढे त्याची फारशी गरज पडली नाही. गृहस्थ सावकाश, शब्द तोलून इंग्रजी बोलत, आणि तसे बोलणारा माणूस मला नेहमीच समजतो.

ती गाडी म्हणजे १९५३ सालची मर्सिडीज ३००. जवळजवळ पाच मीटर लांब, सहा सिलिंडरांची, ११५ अश्वशक्तीची. पुढच्या दोन दिव्यांपासून निघालेले चिखलरोधक पंखे मोठ्या ऐटीत मागे वळत गेलेले. आत अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत पट्टी. गिअरचा दांडा खाली नसून सुकाणूच्या चाकाजवळ. गाडीच्या नाकावर तो तीन पाकळ्यांचा तारा. त्या ताऱ्याशी मात्र माझी जुनी ओळख निघाली. १९५४ साली टाटांच्या कंपनीने जर्मन डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेटपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ पर्यंत तो करार चालला. माझ्या लहानपणी खंबाटकीच्या घाटात एस. टी. थांबली की समोरून धापा टाकीत येणाऱ्या मालमोटारीच्या छातीवर हाच तारा असे. त्या ताऱ्याचा संबंध मी कांद्याच्या पोत्यांशी आणि डिझेलच्या धुराशी जोडला होता. तो श्रीमंतांच्या गाडीवरही असतो, हे मला फार उशिरा समजले. हे मी त्या गृहस्थांना सांगितले, तेव्हा ते प्रथमच मोकळेपणाने हसले. “म्हणजे तुम्ही त्याला काम करताना पाहिले आहे,” ते म्हणाले.

या गाडीची हकिकत थोडी सांगावयास हवी. १९५१ च्या एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. युद्ध संपून तेव्हा पुरती सहा वर्षेही झाली नव्हती आणि पश्चिम जर्मनीचे नवे प्रजासत्ताक जेमतेम दोन वर्षांचे होते. ज्या देशातली शहरे अजून विटांच्या ढिगाऱ्यांतून डोके वर काढीत होती, त्या देशाने एवढी भपकेदार गाडी बांधावी, याला धाडस म्हणावे की उद्दामपणा, हा प्रश्नच आहे. तिची किंमत १९,९०० मार्क होती; तेवढ्या पैशांत फोक्सवॅगनच्या छोट्या गाड्या तीन येऊन वर काही उरले असते. पण त्या राष्ट्राचा पहिला चान्सेलर कोनराड आडेनाउअर याने ती वापरावयास घेतली आणि लोक त्या गाडीलाच ‘आडेनाउअर’ म्हणू लागले. हा गृहस्थ १९४९ मध्ये चान्सेलर झाला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. १९३३ साली नाझींनी त्याला कोलोनच्या महापौरपदावरून दूर केले होते. तेव्हा नव्या जर्मनीने त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे आम्ही’ असे म्हणावे, हे साहजिक होते. आणि त्याच्या पाठोपाठ गाडीकडेही बोट जावे, हेही साहजिकच. त्याच्या सरकारी गाड्यांपैकी एक आज बॉन येथील इतिहास-संग्रहालयात ठेवलेली आहे.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी मात्र कोणा मुत्सद्द्याची नव्हती. ती एका कापडगिरणीच्या मालकाची होती, आणि आमच्या शेजाऱ्यांचे वडील त्या मालकाचे ड्रायव्हर होते.

हे ऐकेपर्यंत मी गाडीकडे पाहत होतो. ऐकल्यावर मी ती वाचू लागलो. मागची बैठक राखी लोकरी कापडाची होती, आणि सत्तर वर्षांनंतरही ती अशी होती, की जणू कालच शिंप्याने टाका घातला आहे. गिरणीमालक अंगाने किरकोळ होता आणि फार फिरतही नसे. पुढची बैठक मात्र निराळी. तेच कापड, तोच रंग. पण ड्रायव्हरच्या डाव्या मांडीखाली ते झिजून जाळीसारखे झाले होते. सुकाणूच्या चाकावर दोन ठिकाणी बोटांनी घासून गुळगुळीत झालेले डाग होते. दाराच्या आतल्या बाजूस, जेथे कोपर टेकते, तेथे एक लहानसा खळगा पडला होता. एकाच गाडीत दोन माणसे वर्षानुवर्षे बसली, आणि गाडीने लक्षात ठेवले ते एकालाच!

पायाशी एक छोटी कळ होती. ती पायाने दाबली की सांध्यासांध्यांत तेल पोचते, म्हणजे गाडी कुरकुरत नाही. समोरच्या फळीवर दुसरी एक कळ होती. मागे भार जास्त झाला, की ड्रायव्हरने ती फिरवावयाची. मग विजेच्या जोरावर मागच्या चाकांवरील पीळदार पोलादी दांडे ताणले जातात आणि गाडीचे मागचे अंग खाली बसत नाही. “भार मागच्यांचा, आणि तो सावरण्याची कळ पुढच्याच्या हाताशी,” गृहस्थ म्हणाले. ते केवळ यंत्राविषयीच बोलत होते. मी उगाच त्यात जास्त अर्थ पाहिला.

त्यांच्या वडिलांची हकिकत त्यांनी एका बैठकीत सांगितली नाही. ती मला तीन शनिवारांत, फडक्याच्या हालचालींबरोबर, तुकड्यातुकड्यांनी मिळाली. ते स्वतः १९४२ साली जन्मले, तेव्हा वडील रशियाच्या आघाडीवर होते. पुढे ते कैद झाले. युद्ध संपले, वर्षे गेली, शेजारपाजारचे कैदी एकेक करून परतले. हे परतले नाहीत. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये आडेनाउअर मॉस्कोला गेला. दोन्ही देशांमध्ये राजनैतिक संबंध सुरू करावयाचे आणि त्याच्या बदल्यात उरलेले कैदी सोडावयाचे, असे तेथे ठरले. ते उरलेले कैदी होते जवळजवळ दहा हजार. तो परत आला त्या दिवशी विमानतळावर एका कैद्याच्या वृद्ध मातेने वाकून त्याच्या हाताचे चुंबन घेतले. ते छायाचित्र जर्मनीत घरोघर माहीत आहे. ऑक्टोबरपासून कैद्यांच्या गाड्या फ्रीडलांटच्या छावणीत येऊ लागल्या. त्यांतल्या एका गाडीने आमच्या शेजाऱ्यांचे वडील आले. “मी तेरा वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “आईने सांगितले, हे तुझे बाबा. मी हस्तांदोलन केले.”

पुढच्या वर्षी वडिलांना गिरणीमालकाकडे काम मिळाले. सैन्यातही ते मोटारच चालवीत. १९६४ मध्ये मालकाने नवी गाडी घेतली आणि जुनी, जिला तेव्हा बाजारात कोणी विचारीत नव्हते, ती राहिलेल्या पगाराच्या हिशेबात ड्रायव्हरला देऊन टाकली. ज्या गाडीच्या मागच्या बैठकीवर आपण कधी बसलो नाही, ती आपल्या मालकीची झाल्यावरही वडील पुढेच बसत राहिले. आणि आई व मुलगा मागे. “माझ्या वडिलांचा चेहरा मला नीटसा आठवत नाही,” गृहस्थ म्हणाले, “पण मान पाठ आहे.”

मी काही बोललो नाही. तेव्हा त्यांनी फडके घडी करून बॉनेटवर ठेवले आणि स्वतःहूनच पुढचे सांगितले. १९५५ पर्यंत रशियाने ज्यांना ठेवून घेतले होते, त्यांपैकी बहुतेकांना सोव्हिएत न्यायालयांनी युद्धगुन्हेगार ठरवून शिक्षा दिल्या होत्या. त्यांत खरे अपराधी होते. आणि काही मिनिटांत उरकलेल्या खटल्यांत, पुराव्यावाचून पंचवीस-पंचवीस वर्षे सुनावलेले लोकही होते. “माझे वडील यांपैकी कोण होते, हे मला माहीत नाही. त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. ते १९८१ साली गेले. सव्वीस वर्षे मी त्यांच्या मानेकडे पाहत मागे बसलो होतो.”

त्याच आठवड्यात भाच्याने मला मर्सिडीजचे संग्रहालय दाखविले. २००६ साली उघडलेली ती इमारत खरोखर पाहण्यासारखी आहे. लिफ्टने तुम्हाला सर्वांत वर नेतात आणि मग वळसे घेत घेत, एकेक काळ ओलांडीत तुम्ही खाली येता. गाड्या अशा लखलखीत, की त्यांत कधी कोणी घामेजलेला माणूस बसला असेल असे वाटेना. घरी परतल्यावर मी भाच्याला कंपनीच्या युद्धकाळाविषयी विचारले. त्याने जे सांगितले ते पुढे मी वाचूनही पाहिले. १९४४ साली डाइम्लर-बेंझच्या कारखान्यांत ६३,६१० माणसे कामाला होती, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी सक्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी अशी होती. ही गोष्ट आज कंपनी लपवीत नाही. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगधंदे यांनी मिळून अशा मजुरांना भरपाई देण्यासाठी जो निधी उभारला, त्यात तिचाही वाटा होता. परंतु ते सारे बोलले जाईपर्यंत चाळीस-पन्नास वर्षे लोटली होती. १९५१ च्या त्या प्रदर्शनात, नव्या गाडीच्या काळ्या रंगात लोकांनी आपापली तोंडे पाहिली असतील. मागे वळून कारखान्यात डोकावण्याची इच्छा तेव्हा कितीजणांना झाली असेल?

येथे एखादा वाचक म्हणेल, की दुसऱ्यांच्या पापांचे हिशेब मांडणे सोपे असते. हे अगदी खरे आहे. आणि म्हणूनच मला आता माझ्या घरातल्या एका मेजाची गोष्ट सांगावी लागणार.

चौथ्या शनिवारी मी गेलो, तेव्हा गॅरेजात एक अनोळखी तरुण उभा होता. तो जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. आमच्या शेजाऱ्यांना मूलबाळ नाही, हे त्याला कोठून तरी कळले होते. त्याने देऊ केलेली रक्कम मी येथे लिहीत नाही. ऐकून भाच्याने शीळ घातली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. गाडी घेऊन तो ती पूर्ण उकलणार होता. नवा रंग, नवा मुलामा, आणि पुढच्या बैठकीला हुबेहूब तसेच नवे कापड. “कारखान्यातून निघाली त्याहून सुरेख होईल,” तो म्हणाला. गृहस्थांनी शांतपणे नंबराच्या पाटीकडे बोट दाखविले. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात नीट जपलेल्या गाडीला पाटीच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते; १९९७ पासूनची ही पद्धत आहे, आणि अशी गाडी हा सांस्कृतिक ठेवा होय, असे तेथील नियमच म्हणतो. “तुमच्या हातून ती गाडी सुरेख होईल,” ते म्हणाले, “पण मग तिच्यात कोणी बसलेले नसेल.”

तरुण गेला. मी मात्र अस्वस्थ झालो, कारण त्या तरुणाच्या जागी मला मीच दिसत होतो.

पुण्याहून निघण्यापूर्वी महिनाभर अगोदर मी वडिलांचे लिहिण्याचे मेज सुताराकडून नवे करवून घेतले होते. माझे वडील शाळामास्तर. सागवानी मेज, त्यावर शाईचे डाग, डाव्या कडेला कोपर टेकून टेकून पडलेला खळगा, आणि उजव्या कोपऱ्यावर चाकूने पडलेली एक खोल चीर. ती चीर मी जन्मापासून पाहत आलो होतो. कोणी पाडली, कशी पाडली, हे मी कधी विचारले नाही. वडिलांना आवडणार नाही, असे उगाच वाटे. सुताराने विचारले, “साहेब, रंधा मारू?” मी म्हटले, “मार. अगदी नवे दिसले पाहिजे.” दोन दिवसांत ते नवे झाले. घरातल्या सर्वांनी वाखाणले. मीही त्यावर हात फिरवून पाहिला. हात कोठेच अडखळला नाही, याचा मला त्या वेळी आनंदच वाटला होता.

हे मी गृहस्थांना सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. गाडीचे दार उघडून, समोरच्या फळीतला खण ओढून त्यांनी एक लांबट लिफाफा काढला. युद्धातील जर्मन सैनिकांची कागदपत्रे सांभाळणारे एक दफ्तर बर्लिनला आहे. २०१९ पासून ते राष्ट्रीय दफ्तरखान्यात सामील झाले. जवळच्या नातेवाइकाने अर्ज केला, तर त्याच्या माणसाविषयी जे असेल ते कळवितात. लिफाफ्यात तो अर्ज होता : भरलेला, सही केलेला, तिकीट लावलेला. सहीखालची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

“मी गाडी जपली, असे सगळे म्हणतात,” ते म्हणाले. “पण खरे सांगू? मी ती पुसली. दर शनिवारी. जपणे आणि पुसणे यांत थोडा फरक आहे, आणि तो मला या वयात सापडला. बैठक मी बदलू देत नाही, कारण ती त्यांची आहे. पण मग हा कागदसुद्धा त्यांचाच आहे, नाही का?” एवढे बोलून त्यांनी लिफाफा पुन्हा खणात ठेवला.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फिरावयास नेले. रिवाजाप्रमाणे त्यांनी माझ्यासाठी मागचे दार उघडले. मी नम्रपणे ते लावले आणि पुढे, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. द्राक्षांच्या मळ्यांतून तो रस्ता नदीपर्यंत उतरतो. गाडी इतक्या मुकाट्याने चालत होती, की तिचे सत्तर वर्षांचे वय खोटे वाटावे. मी वळून वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि ते त्यांना कळत होते. टपालाची पिवळी पेटी लागली तेथे गाडी जराशी मंदावली. मागे दुसरी गाडी होती, तिने कर्णा वाजविला, आणि आम्ही पुढे गेलो. गाडी मंदावली ती पेटीसाठी की वळणासाठी, हे मी त्यांना विचारले नाही. विचारण्याची सवय एका प्रवासात लागत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी पहिल्याच रात्री त्या मेजासमोर बसलो. दिव्याच्या उजेडात ते आरशासारखे चमकत होते, आणि त्यात मला माझेच तोंड दिसत होते. कोणत्या तरी चमत्कारिक आशेने मी खण पूर्ण बाहेर ओढला आणि उलटा केला. सुताराचा रंधा तेथपर्यंत पोचला नव्हता. खणाच्या तळाशी, मूळच्या करड्या लाकडावर, शिसपेनीने वडिलांच्या बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘जून १९६१, रु. ४०, परत.’

कोणाचे चाळीस रुपये? कोणाला परत? की कोणाकडून? १९६१ च्या जूनमध्ये मी चार वर्षांचा होतो. जुलैत पानशेतचे धरण फुटून शहरात पाणी शिरले, त्याच्या आधीचा हा महिना. एवढे सोडून मला त्या सालाविषयी घरातले काहीच माहीत नाही. आई गेली, काका गेले. माझी धाकटी आत्या तेवढी आहे. ती सांगलीला असते, नव्वदीची आहे, आणि सकाळी चहानंतर तासभर तिला सगळे लख्ख आठवते.

तिला पत्र लिहावे असे प्रथम मनात आले. लिहिलेही. मग ते लिफाफ्यात घालून मेजाच्या खणात ठेवणार, तोच हात थांबला. पत्र फाडून टाकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सांगलीच्या गाडीचे तिकीट काढले.

गाडी चांगली मानावयाची. वेळेवर आली.